नंबराआधीचं शून्य

लिफ्ट बंद होती. ती पोरगी चार मजले चढून आली, दारातच उभी राहिली आणि तिने विचारलं, "सिस्टिम कोण बघतं इथे?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आमच्या ऑफिसात एवढ्या एका बाबतीत एकमत असतं.

मी दर्शना. वागळे इस्टेटमधल्या या सॉफ्टवेअर कंपनीत सोळा वर्षं काढली आहेत. कंपनी म्हणजे अकरा माणसं, दीड एसी आणि बंटी सर. दीड म्हणजे एक चालतो आणि एक नुसता आवाज करतो. बंटी सरांचं खरं नाव व्हिजिटिंग कार्डावर आहे, पण त्यांच्या वडिलांपासून सगळे त्यांना बंटीच म्हणतात, आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान माणसाला 'बंटी सर' म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. त्या मंगळवारी सकाळी मी दोन डबे केले होते, सासूबाईंना प्रेशरची गोळी दिली होती, डोंबिवलीहून ठाण्याला आले होते, आणि खुर्चीत टेकेपर्यंतच माझा दिवस संपला होता. हल्ली रोजच असं होतं. डॉक्टर म्हणतात बी-ट्वेल्व्ह कमी आहे. असेल बाई.

"बसा," मी म्हटलं.

ती बसली नाही. प्लास्टिकच्या फोल्डरातून एक कागद काढून तिने माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"हा तुमच्या सिस्टिममधून निघालाय ना? खाली तुमच्या ऑफिसचा नंबर आहे."

निघाला होता. कल्याणला एक जुनं प्रसूतिगृह होतं, दहाएक वर्षांपूर्वी बंद पडलेलं. डॉक्टर गेले, मुलगा परदेशात. पण तिथे जन्मलेली माणसं काही संपत नाहीत, ती जन्माचा उतारा मागायला येतच राहतात. म्हणून त्यांच्या ट्रस्टने सगळी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवून घ्यायचं ठरवलं. ते काम तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं. आता तिथे एक क्लार्क बसतो. आईचं नाव टाकतो, नोंद शोधतो, उतारा छापतो आणि शिक्का मारतो. वाचत मात्र नसावा.

कागदावर वर अर्जदाराचं नाव होतं, रुचिता केणे. खाली नोंद. क्रमांक ३१४७. मातेचे नाव गोदूबाई केणे. दिनांक ११ ऑगस्ट १९९२. अपत्य पुरुष. स्थिती मृत.

"मी रुचिता," ती म्हणाली. "माझा जन्म चौऱ्याण्णवचा. फेब्रुवारी."

"अहो, मग क्लार्कने चुकीची नोंद काढली असेल. त्याला सांगा परत शोधायला."

"तीनदा शोधायला लावली. तीनदा हाच कागद आला."

मी कागद पुन्हा बघितला. मला खरं तर जेवायचं होतं.

"हे बघा, ट्रस्टकडे लेखी तक्रार द्या. ती आमच्याकडे येईल. मग आम्ही दोन-तीन दिवसांत..."

"मॅडम," तिने मला मधेच तोडलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसांची मला सवय आहे. "मला लॅब टेक्निशियनची नोकरी लागतेय, बाहेरच्या देशात. त्यासाठी जन्माचा पुरावा पाहिजे होता, म्हणून मी हा उतारा काढला. घरी नेला. आईला वाचता येत नाही, तर मी मोठ्याने वाचून दाखवला. हसत हसत वाचला, म्हटलं बघ काय गंमत करून ठेवलीय यांनी. ती उठून आत गेली. आज बारा दिवस झाले. जेवायला वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. कागद तिने उशाखाली ठेवला होता. आज ती शेजारी गेली तेव्हा मी काढून आणलाय."

आता ती बसली.

"माझी काकू लहानपणापासून म्हणते, तुला दवाखान्यातून उचलून आणलीय. सगळ्याच पोरांना म्हणतात, मला माहितीये. पण या कागदावर काय आहे? माझ्या आईला तिथे एक मूल झालं. मुलगा. मेलेला. माझी नोंदच नाही. मग मी आले कुठून?"

तिने फोल्डर मांडीवर ठेवलं.

"नोकरीचं राहू दे. जमिनीच्या वाटणीचंही राहू दे. काका त्याच्यावरच टपलाय, घेऊ दे त्याला. मी तिची आहे का नाही, एवढं मला सांगा."

सोळा वर्षांत लोकांनी मला विचारलेले प्रश्न मी सांगू शकते. बटण कुठे गेलं, प्रिंट का येत नाही, पासवर्ड काय होता. हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. मी डबा परत पिशवीत ठेवला.

"थांबा जरा," मी म्हटलं. "मी बघते."

आता इथे थोडं कामाचं सांगावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण सगळं तिथेच अडलं होतं.

आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे डेटाबेसशी थेट बोलत नाही. मधे एक लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं तयार कोड. आपण म्हणायचं, मला अमुक नोंद दे, आणि ती आत जाऊन घेऊन येते. सोय चांगली आहे. पण प्रत्येक टेबलाची, म्हणजे नोंदींच्या तक्त्याची, तिला ओळख करून द्यावी लागते, आणि तिची स्वतःची काही गृहीतकं असतात. ती धरून चालते की प्रत्येक नोंदीला ओळखायचा एक आकडा असणार, आणि तो एक, दोन, तीन असा आपोआप वाढणार. त्या आकड्याला प्रायमरी की म्हणतात. तुमची की वेगळी असेल, तर लायब्ररीला तीन गोष्टी सांगायच्या: तिचं नाव काय, ती आपोआप वाढत नाही, आणि ती आकडा नसून मजकूर आहे. तीन ओळींचं काम.

प्रसूतिगृहाच्या रजिस्टरात प्रत्येक बाळंतपणाला नंबर होता. तोच नंबर सगळीकडे, केसपेपरवर, बाळाच्या मनगटाच्या पट्टीवर, उताऱ्यावर. मी तोच की म्हणून घेतला. बरोबरच केलं, आजही तसंच करीन.

मी लायब्ररीला बाजूला सारलं आणि डेटाबेसला थेट विचारलं, गोदूबाई केणे नावाच्या नोंदी दाखव.

दोन आल्या. एक होती ३१४७ नंबरची, ब्याण्णवचा मुलगा, मृत. दुसरीचा नंबर होता ०३१४७. दिनांक २ फेब्रुवारी १९९४, अपत्य स्त्री, वजन दोन किलो सातशे, स्थिती जिवंत.

मी माझी तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. तीनपैकी एकच ओळ होती. कीचं नाव. पुढच्या दोन मी लिहिल्याच नव्हत्या.

मग काय, लायब्ररीने ०३१४७ ला आपल्या सवयीप्रमाणे आकडा समजून वाचलं. आकडा म्हटला की पुढच्या शून्याला किंमत नाही, ते गळलं. उरला ३१४७. उतारा छापायची वेळ आली की ती डेटाबेसकडे जाऊन ३१४७ हा आकडा मागायची. मजकुराची आकड्याशी तुलना करायला सांगितली की आमचा डेटाबेसही पुढचं शून्य धरत नाही, त्यामुळे त्याला दोन्ही नोंदी जुळायच्या आणि त्यातली पहिली तो द्यायचा. पहिली म्हणजे तो मुलगा. दर वेळी.

मला आठवलंही. तेव्हा नोंदी टाइप करणाऱ्या मुलींनी मला फोन केला होता, मॅडम, मधेच शून्यवाले नंबर येतायत, शून्य काढून टाकू का? मी म्हटलं होतं, रजिस्टरात आहे तसंच्या तसं टाका, आपलं डोकं चालवू नका. त्यांनी तसंच टाकलं. डोकं माझंच चाललं नव्हतं. त्या आठवड्यात सासरे हॉस्पिटलात होते. पण ते काही कारण नाही झालं. चूक माझी होती आणि मला खूप लाज वाटली.

मी स्क्रीन रुचिताकडे वळवली.

"ही बघा तुमची नोंद. पहिल्यापासून इथेच आहे. मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी विसरले, म्हणून ती दिसत नव्हती. तुमच्या आधी तुम्हाला एक भाऊ झाला होता, तो गेला. मग तुम्ही. आई एकच."

तिने बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

"नंबर एकच कसा?" तिने विचारलं.

"एकच नाही. शून्य आहे ना पुढे."

"तेच म्हणतेय मी. दीड वर्षाने झालेल्या पोरीला जुनाच नंबर कशाला? शून्य काय, कोणीही नंतर लावेल."

मला राग आला. म्हणजे मी जेवण सोडून तिची नोंद शोधून काढली होती आणि वर ही उलटतपासणी. पण लॅबमध्ये काम करणारी पोरगी, नंबराचं महत्त्व तिला शिकवायला नको होतं. रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो आम्ही नोंदींबरोबर ठेवले होते, त्यातलं ते पान मी स्क्रीनवर उघडलं. फेब्रुवारी चौऱ्याण्णव. ओळीने नंबर होते, ३९०२, ३९०३, मग एकदम ०३१४७, मग ३९०४. एकच अक्षर, एकच निळी शाई. कुठे खाडाखोड नाही.

"बघितलंत?" मी म्हटलं. "नंतर कोणी घुसवलेली नाही. त्याच दिवशी, त्याच हाताने लिहिलीय."

"मग माझ्या आधीच्या बाईला सरळ नंबर, नंतरच्या बाईला सरळ नंबर, आणि मलाच असा का? मेलेल्या पोराच्या नंबरावर मला बसवली असेल तर? कोणाची तरी पोरगी उचलली आणि त्या रिकाम्या नंबरावर टाकली. काकू हेच म्हणणार. मीही तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं."

शून्य जसं होतं तसं संगणकाने जपलं होतं, पण ते का आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

पानाच्या खाली सही होती. गंगुबाई, सिस्टर.

बंटी सरांना सांगणं भाग होतं. ते केबिनमध्ये मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ बघत होते.

"फिक्स झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं. दोन ओळी होत्या. पण शून्यवाल्या एकशे अठ्ठ्याऐंशी नोंदी आहेत, आणि त्यातल्या चौदा जणांना आपण आत्तापर्यंत चुकीचा उतारा दिलाय."

"चौदाच? मग सोडा ना. ज्याची कंप्लेंट येईल त्याला नवा देऊ. उगाच कशाला आ बैल मुझे मार. हिला नवा प्रिंट द्या आणि जुना कागद परत घ्या तिच्याकडून. तो बाहेर फिरता कामा नये."

"सर, चौदा घरांत जिवंत माणसाच्या नावावर मेलेलं मूल गेलंय."

"दर्शना मॅडम, तुम्ही थकलाय. दोन दिवस सुट्टी घ्या हवं तर."

हे मात्र खरं होतं. मी शनिवारची घेतली.

गंगुबाईंचा पत्ता ट्रस्टच्या क्लार्ककडे होता, कारण त्यांना दर दिवाळीला मिठाईचा पुडा जायचा. कल्याणला पारनाक्याच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. मी रुचिताला फोन करून सांगितलं की मी जातेय, यायचं तर या. नवा उतारा मी छापून बरोबर घेतला होता, ०३१४७, स्त्री, जिवंत. खरं तर एवढ्यावर माझं काम संपत होतं. पण बारा दिवस न बोलणारी ती बाई माझ्या डोक्यातून जाईना.

रुचिता गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि तिची आई बरोबर होती. शीळफाट्याच्या अलीकडच्या गावातून दोघी रिक्षा बदलत बदलत आल्या होत्या. गोदूबाई साठीच्या आतबाहेर असेल, काटक, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, कानात सोनं. मी नमस्कार केला तर तिने मान हलवली, तेवढंच.

"येते म्हणाली?" मी रुचिताला हळूच विचारलं.

"काय बोलली नाही. मी निघाले तर चपला घालून मागे आली."

गंगुबाई खिडकीपाशी पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. ऐंशी ओलांडलेली, ठेंगणी बाई. ऐकायला कमी, पण नजर अशी की आपण नखं कापलीत की नाही तेही बघून घेईल. सून आम्हाला पाणी देऊन गेली. मी सांगायला लागले, ही गोदूबाई केणे, ब्याण्णव साली तुमच्याकडे...

"नाव नको सांगूस," त्या म्हणाल्या. "नावं मला कोणाचीच आठवत नाहीत. नऊ हजार बायका होत्या. नंबर सांग."

"शून्य तीन एक चार सात."

त्यांचे हात थांबले. त्यांनी आमच्या तिघींकडे बघितलं आणि कोणाकडे बघायचं ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी गोदूबाईला हाताने खूण केली.

"इथे बस, माझ्याजवळ. खाली नको, पलंगावर बस."

गोदूबाई बसली.

"सिस्टर, ते शून्य कशाला असायचं?" मी विचारलं. "मला तेवढंच हवंय. मी कॉम्प्युटरवर चढवलं सगळं, पण मला ते कळलं नाही."

"तू विचारायला आली होतीस तेव्हा?"

"नाही."

"मग कसं कळेल," त्या म्हणाल्या, आणि शेंगांची परात बाजूला सारली. "शून्य मीच लावायचे. ज्या बाईचं आधीचं मूल आमच्याकडे गेलं असेल, ती परत आली की तिला नवा नंबर द्यायचा नाही. जुनाच द्यायचा, पुढे शून्य लावून. डॉक्टरांना ठाऊक होतं, दवाखान्यातल्या कामाच्या आयांना ठाऊक होतं. केसपेपरवर शून्य दिसलं की त्या बाईला बाकावर ताटकळत ठेवायचं नाही. डॉक्टर जेवत असले तरी उठवायचे. आणि आधी काय झालं होतं ते बघायला जुना कागद हुडकायला नको, शून्य झाकलं की त्याच नंबरावर सापडतो."

या बाईने तीस वर्षांपूर्वी एक पेन आणि एक रजिस्टर एवढ्यावर दोन नोंदी एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. त्यासाठी आम्ही पानंच्या पानं कोड लिहितो.

"सरळ लिहायचं ना मग," रुचिता म्हणाली. तिच्या आवाजात अजून ताठरपणा होता. "पहिलं मूल गेलंय म्हणून."

"केसपेपर कोणाच्या हातात असतो, बाळ? सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या. सतरा जणी वाचणार. बाई कळा देतेय आणि बाहेर बाकावर चर्चा, हिचं पहिलं असं झालं, हिचं आताचंही बघा. मी नवी होते तेव्हा ऐकलंय मी ते, डोळ्यांनी बघितलंय त्याने काय होतं. शून्य लिहिलं तर कोणाला कळतंय? त्याला कोणी हुंगत नाही. उलट शून्यवाल्या बाईचं मूल अदलाबदल होणं तर शक्यच नव्हतं. बाकीच्यांची पट्टी आया बांधायच्या. शून्यवाल्यांची मी स्वतः बांधायचे, नाळ कापल्या कापल्या, आईच्या डोळ्यांदेखत. ती पट्टी बघितल्याशिवाय त्या बायकांचा जीव थाऱ्यावर यायचा नाही."

"दोन शून्यंही आहेत काही नोंदींना," मी म्हटलं.

"आहेत. तीनही आहेत एकीला."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

रुचिता आईकडे बघत होती. "आये, तू नुसतं हो म्हणाली असतीस," ती म्हणाली. "मी एवढंच तर विचारत होते. हो, माझी आहेस. इतके दिवस मी काय काय विचार केला, तुला माहितीये?"

गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. बोलली तेव्हा आवाज बसल्यासारखा होता, न वापरल्यामुळे असेल.

"तू माझी नाय असा माझ्या डोक्यात पन आला नाय, बाय. मना काय ठाव तू ते इचारतेस."

"मग बोलत का नव्हतीस?"

"तुझ्या आजीनं शपथ घातलेली. त्या पोऱ्याचा नाव घराण काढायचा नाय, मागच्या पोरीला नजर लागंल. तीस वरसं नाय काढला. तुझ्या बापासमोर पन नाय. कोनाला आठवत पन नसंल तो. आनि तू त्या दिवशी वाचलास, तारीख, वार, पोऱ्या. मना वाटला, कोनीतरी लिवून ठेवलाय त्याला."

रुचिता उठली आणि पलंगावर आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. आता पलंगावर तिघी होत्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत मी एकटी, पर्स मांडीवर घेऊन. मी नवा उतारा काढून रुचिताला दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला आणि आईच्या हातात ठेवला. गोदूबाईने त्यावरून हात फिरवला आणि तो परत दिला.

मग मी बंटी सरांचं काम काढलं. करायला नको होतं, पण सोळा वर्षांची सवय जात नाही.

"तो जुना कागद मला परत लागेल," मी म्हटलं. "चुकीचा आहे तो. वर रुचिताचं नाव आहे. ऑफिसात जमा करावा लागतो."

गोदूबाईने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. म्हणजे लेकीच्या फोल्डरातून तो पुन्हा तिच्याकडे गेला होता. तिने तो माझ्या हातात दिला नाही, मुठीत धरून ठेवला.

"ऱ्हावदे," ती म्हणाली. "त्याचा दुसरा काय पन नाय माझ्याजवल. ना कपडा, ना फोटू. मना दाखवला पन नव्हता."

"आये, अगं त्याच्यावर माझं नाव आहे. मेलेली म्हणून," रुचिता म्हणाली.

गोदूबाईने कागदाकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदावर जिथे लेकीचं नाव असेल असं तिला वाटलं, तिथे तिने अंगठा ठेवला आणि ते झाकलं.

मी उठले. "चला," मी म्हटलं. "खाली झेरॉक्सचं दुकान आहे."

अर्जाशिवाय उतारा काढायचा नाही असा नियम आहे. तो नियम प्रोग्रॅममध्ये मीच लिहिलाय, त्यामुळे तो कसा ओलांडायचा हेही मलाच माहीत आहे. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसून मी लॉग इन केलं आणि नंबर टाकला, ३१४७, शून्याशिवाय. आता एकच नोंद आली. ज्याची होती त्याचीच. अर्जदाराच्या रकान्यात मी 'माता' एवढंच लिहिलं आणि प्रिंट दिली. पाच रुपये दुकानदाराने माझ्याकडूनच घेतले.

मी तो कागद गोदूबाईला दिला आणि तिने मूठ उघडून जुना मला दिला. चुरगळला होता, घामाने ओला झाला होता. मी तो दुकानातच चार तुकडे करून टोपलीत टाकला. बंटी सर विचारतील तेव्हा बघू. सोमवारी त्या चौदा जणांना फोन करायचे होते, आणि त्याबद्दलही ते विचारतीलच.

रुचिता नवा कागद वाचत होती. मृत हा शब्द आला तिथे ती थांबली नाही, पुढे गेली. शेवटी एक रकाना कोरा होता.

"मॅडम, नावाच्या पुढे काहीच नाही."

"रजिस्टरात नव्हतं. अशा मुलांचं लिहीत नसत. मला नाही भरता येणार तो, आहे तसंच्या तसं छापावं लागतं."

"तुम्ही नका भरू," गोदूबाई म्हणाली. पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली. मग तिने दुकानदाराच्या काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि लेकीच्या हातात दिलं.

"काय लिहू?" रुचिताने विचारलं.

गोदूबाईने रस्त्याकडे बघितलं, जणू सासू अजून कुठे ऐकत असेल. मग ती म्हणाली, "आनंदा." आणि रुचिता लिहायला लागली तेव्हा, लेकीने नीट ऐकलं की नाही याची खात्री नसल्यासारखं, ती पुन्हा एकदा म्हणाली, आता जरा मोठ्याने.